कॉर्नेलिया डी लँग सिंड्रोमची शंका, पण रक्ताचा अहवाल निर्दोष: पुढे कोणती तपासणी करावी?

साखळीची लेक

नमस्कार. माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. भुवया मधोमध जुळलेल्या, पापण्या लांब, नाक आखूड आणि शेंड्याला किंचित वर वळलेले, तळहात लहान, वजन जन्मापासून कमी. एवढ्यावरून बालरोगतज्ज्ञांनी कॉर्नेलिया डी लँग सिंड्रोम या जन्मजात जनुकीय आजाराची शंका व्यक्त केली आणि जनुकीय तपासणीसाठी त्याचे रक्त परराज्यातील एका प्रयोगशाळेकडे पाठवले. दीड महिन्याने आलेल्या अहवालात 'रोगकारक उत्परिवर्तन (आजार घडवणारा जनुकातील बदल) आढळले नाही' एवढेच लिहिले होते. मी दूरध्वनी केला, तर 'अहवालात आहे तेच' असे उत्तर मिळाले. यजमान म्हणतात, म्हणजे आजार नाहीच. सासूबाईंच्या मते गरोदरपणी ग्रहणात मी विळी हाताळली, त्याचे हे फळ. पुन्हा तपासणी करावी का, ती कुठे होते, आणि दुसऱ्या अपत्याचा विचार आम्ही करावा का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मडगावचा मास्तर

ताई, मी डॉक्टर नाही, रेणवीय जीवशास्त्र शिकवतो. तेव्हा माझे म्हणणे तज्ज्ञांकडून पडताळून घ्यावे.

प्रथम ग्रहणाची सुटका करू. हा आजार बहुतेक वेळा आईकडून किंवा वडिलांकडून येतच नाही, तर अपत्याच्या जनुकात नव्याने घडलेल्या बदलामुळे होतो, आणि तो बदल घडवणे वा टाळणे कोणाच्याही हाती नसते.

आता कारण. डच बालरोगतज्ज्ञ कॉर्नेलिया डी लँग यांनी १९३३ साली या लक्षणसमूहाचे वर्णन केले, पण त्यामागचे मुख्य जनुक, एनआयपीबीएल, २००४ साली सापडले. पाचव्या गुणसूत्रावरील या जनुकाचे प्रथिन कोहेसिन नावाच्या कड्यासारख्या प्रथिनसंचाला डीएनएवर बसवते आणि त्या कड्यातून डीएनएचा धागा ओढून वेटोळे करण्यास साहाय्य करते. वेटोळ्याची गरज अशी, की एखादे जनुक केव्हा आणि किती चालावे हे ठरवणारा डीएनएचा तुकडा त्या जनुकापासून पुष्कळदा फार दूर असतो; पंप कुळागरात आणि बटण घरात, तसे. वेटोळ्यामुळे ती दोन टोके जवळ येतात. फळमाशीत याच जनुकाच्या भावंडाचा अभ्यास करताना दूरच्या नियमनाशी त्याचा संबंध १९९९ सालीच दिसला होता.

इथली खरी गंमत प्रमाणाची आहे. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडते आणि दुसरी काही अंशी भरपाई करते. अशा उंदरांत या जनुकाचे उत्पादन निम्म्यावर येत नाही, ते जेमतेम पाव ते एक तृतीयांश घटते. त्यातून कोणतेही एक जनुक पूर्ण बंद पडत नाही. असंख्य जनुके थोडी थोडी सैल किंवा तेज चालतात, आणि गर्भावस्थेत ही किरकोळ तूट साचत गेली की चेहरा, हात, मेंदू, आतडी अशा अनेक ठिकाणी तिचा परिणाम दिसतो. एसएमसी१ए, एसएमसी३, आरएडी२१ आणि एचडीएसी८ या जनुकांतील बदलांनीही हाच आजार होतो, म्हणून आपल्या अहवालात नेमकी कोणती जनुके तपासली हे पाहावे.

आपल्या प्रश्नाचा गाभा मात्र पुढे आहे. काही मुलांत बदल गर्भधारणेनंतर एखाद्या पेशीत घडतो, त्यामुळे शरीराच्या काही पेशींत तो असतो, काहींत नसतो. याला मोझेइसिझम म्हणतात. या आजारात तो वारंवार आढळतो, आणि रक्तात मुळीच न दिसलेला बदल गालाच्या आतील पेशींत किंवा त्वचेत सापडतो. म्हणूनच २०१८ साली तज्ज्ञांनी एकमताने प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत रक्त निर्दोष आले, तर गालाच्या किंवा त्वचेच्या पेशी तपासाव्यात असे सांगितले आहे. त्याच शिफारशींत लक्षणांना गुण दिले आहेत: एकूण ११ किंवा अधिक गुण झाले आणि त्यांत किमान तीन मुख्य लक्षणे असली, तर उत्परिवर्तन सापडो वा न सापडो, निदान पक्के धरले जाते. यजमानांना हे अवश्य दाखवावे.

मग पुन्हा तपासणी कशासाठी? दुसऱ्या अपत्यासाठी. बदल मुलात गर्भधारणेनंतर घडल्याचे सिद्ध झाले, तर पुढच्या अपत्याला इतर कोणाहून विशेष अधिक धोका राहत नाही. मुलाच्या सर्व पेशींत एनआयपीबीएलचा बदल असेल आणि आई-वडील निरोगी असतील, तरी पालकाच्या बीजपेशींत तो दडलेला असण्याची शक्यता धरून सुमारे दीड टक्का धोका सांगितला जातो. शिवाय नेमका बदल ठाऊक असल्याशिवाय गर्भातील तपासणीत शोधायचे काय, हाच प्रश्न उरतो.

सांग्याची आई

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, निदान हेच. मास्तरांनी सांगितलेले सर्व खरे, पण ताई, अहवालाची वाट पाहत बसू नका. आमची दोन वर्षे त्यातच गेली, आणि तेवढ्या काळात तिला ऐकू कमी येते हे आमच्या लक्षातच आले नाही. बेरा ही श्रवण तपासणी आधी करून घ्या. पोटातील आम्ल अन्ननलिकेत वर येणे या मुलांत फार असते. बाळ दूध पिताना पाठ ताणून रडत असेल, तर ते हट्ट करत आहे असे समजू नका. आतड्यांची ठेवण जन्मतः उलटसुलट असण्याचाही संभव असतो. म्हणून हिरवी उलटी झाली, तर रात्र असो वा चतुर्थीचा दिवस, थेट बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय (गोमेकॉ) गाठावे.

जनुकशास्त्राच्या सल्ल्यासाठी आम्ही गोमेकॉतून पत्र घेऊन मणिपालला गेलो. तिथे वैद्यकीय जनुकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि मडगावहून कोकण रेल्वेने उडुपीला उतरले की पुढचा रस्ता थोडाच. मुंबईचे केईएम रुग्णालय हेही राष्ट्रीय धोरणाखालील दुर्मिळ आजारांचे केंद्र आहे, पण लहान बाळाला घेऊन मला उडुपीच सोयीचे वाटले. जाताना अहवालासोबत प्रयोगशाळेकडील मूळ विदाही मागून न्या. तीच पुन्हा बारकाईने पाहून काही वेळा उत्तर मिळते.

साखळीची लेक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अहवाल पुन्हा वाचला. पाचही जनुके त्यात आहेत, मात्र नमुना केवळ रक्ताचा. बेरासाठी उद्याच नाव नोंदवते. एक शंका राहिली: गालाच्या पेशींऐवजी लाळ दिली तर चालेल का? बाळ अजून अंगावर पिते.

मडगावचा मास्तर

लाळ टाळावी. तिच्यात रक्तातील पांढऱ्या पेशी पुष्कळ असतात, म्हणजे फिरून रक्तच तपासल्यासारखे होईल. गालाच्या आतून ब्रशने घासून घेतलेला नमुना हवा. आणि पाजल्यानंतर लगेच तो घेऊ देऊ नये, कारण दुधातून आपल्याच पेशी त्यात मिसळतील. काही वेळ जाऊ द्यावा, ओल्या कापडाने तोंड पुसावे, मग नमुना घ्यावा. किती वेळ थांबायचे ते नमुना घेणाऱ्यांना आधीच विचारून ठेवा, म्हणजे भुकेने रडणाऱ्या बाळाला घेऊन तिष्ठत बसावे लागणार नाही.