मदत हवी आहे: राखेचा थर बसतानाची रेघ सरळ येत नाही

उडती_राख:
परळीच्या औष्णिक केंद्रातली फ्लाय अॅश हवेने तरंगवून बेड कोलॅप्स चाचणी (हवा अचानक तोडून थर कसा बसतो ते बघणे) करतो आहे. राख पाइपातून ढकलताना तिच्यात हवा किती वेळ धरून राहते ते काढायचे आहे. नळी अॅक्रिलिकची, आतला व्यास १० सें.मी. खाली सिंटर्ड (बारीक छिद्रांची) चकती आणि तिच्याखाली त्याच व्यासाची ४० सें.मी. उंच हवापेटी. राख २.५ किलो, हवेचा वेग २ सें.मी./सेकंद, त्या वेगाला चकतीवरचा दाबफरक ३ किलोपास्कल. सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या) व्हॉल्व्हने हवा तोडतो आणि मोबाइलवर उंची टिपतो. बुडबुडे निघून गेल्यावर पृष्ठभाग एकसारख्या वेगाने उतरायला हवा, पण उंची-वेळेच्या आलेखाची रेघ वाकते आणि शेवटी लांब शेपूट उरते. सकाळ-दुपारचे आकडेही जुळत नाहीत. जाणकारांनी सांगावे.

चाळणी_२००:
हवापेटी फार मोठी आहे. व्हॉल्व्ह बंद झाला तरी पेटीतली दाबलेली हवा थरातून वर येतच राहते. पेटीला दुसरा, नॉर्मली ओपन (वीज नसताना उघडा राहणारा) व्हॉल्व्ह लावा. दोन्ही एकाच बटणावर घ्या, म्हणजे वीज गेली की पुरवठा बंद आणि पेटी मोकळी.

खालचा_थर:
निदान बरोबर, पण हा उपाय इथे करू नका. थराचे वजन भागिले क्षेत्रफळ म्हणजे ३.१ किलोपास्कल, चकतीवरही जवळजवळ तेवढेच. पेटी मोकळी केली की थरातली हवा त्याच चकतीतून सुमारे २ सें.मी./सेकंदाने खाली पळेल. थर दोन्हीकडून रिकामा होईल आणि मोजलेला वेग भलताच मोठा येईल.

पेटी लहान करा. आत्ता तिच्यात ३.१ लिटर हवा आहे, दाब बाहेरपेक्षा ६ किलोपास्कल जास्त. म्हणजे जवळपास २०० घन सें.मी. हवा वर झिरपणार. थर ३४ वरून ३० सें.मी.वर येत असेल, तर त्याची स्वतःची हवा ३१४ घन सें.मी. तुमची शेपूट इथून येते. पेटी ५ सें.मी. ठेवली तर गळती २५ घन सें.मी.वर येते. आत काचेच्या गोट्या भरल्या तर १० च्या आसपास. व्हॉल्व्ह पेटीला चिकटून बसवा, मधला पाइपही हवा साठवतो.

सकाळ-दुपारच्या फरकात आर्द्रता बघा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की अॅक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि राख भिंतीला चिकटते. हवा पाण्याच्या बाटलीतून बुडबुडवून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणा. राख आधी १०५ अंशांवर वाळवा. पावसाळ्यात उलटे, सिलिका जेल लागेल.

उडती_राख:
पेटी कापतो. दाट थरातली (बुडबुडे सोडून उरलेल्या राखेतली) पोकळी, म्हणजे हवेचा वाटा, कशी काढू? शून्य वेळ नेमकी कुठली धरायची?

खालचा_थर:
व्हॉल्व्हच्याच तारेवर एक एलईडी लावून ती चौकटीत ठेवा. ती विझते तो क्षण शून्य. बुडबुडे निघतात तो पहिला भाग सोडा, सरळ भागाची रेघ शून्य वेळेपर्यंत मागे ओढा. उंची ३४ सें.मी. आली आणि कणांची घनता २.२ ग्रॅम/घन सें.मी. असली तर पोकळी = १ − २५००/(२.२ × ७८.५ × ३४) = ०.५७. घनता रॉकेलमध्ये मोजा, पाण्यात नको. राखेतला चुना पाण्याशी खेळतो. सरळ भागाचा उतार म्हणजे दाट थरातल्या हवेचा वेग.

आणि चाचणीआधी पाणी भरलेल्या यू-नळीवर थराचा दाबफरक बघून घ्या. ३२ सें.मी. पाण्यापेक्षा बराच कमी असेल तर थरात भगदाडे पडली आहेत, राख पूर्ण तरंगलेलीच नाही. मग रेघ कितीही सरळ आली तरी ती मोजणी टाकून द्या.