संग्रहाचा सर्व्हर: व्हॉल्यूम (डिस्क) भरलाय, आणि २२ नंबरचं पोर्ट (सर्व्हरचं एक दार) सगळ्या जगाला उघडं आहे

प्रेषक: सचिव

सगळ्यांना नमस्कार,

परदेशातल्या आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी जुन्या नाटकांचे फोटो आणि चित्रफिती चढवायला सांगितलं होतं. काल रात्रीपासून काहीच चढत नाहीये, ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो. आपल्या तांत्रिक समितीतल्या तरुण मित्राने ५०० जीबीचा नवा व्हॉल्यूम घेऊन ठेवला, पण तो सर्व्हरला जोडताच येत नाही. दोघांनी सुचवलंय की जुनी रेकॉर्डिंग पुसून तात्पुरती जागा करावी.

दादा, तुम्ही इथून पुण्याला परत गेल्यावर तुम्हाला या कामाला जुंपायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण हा सर्व्हर तुमच्याच हातचा आहे, म्हणून विचारते. काय करू?

प्रेषक: दादा, कर्वेनगर, पुणे

ताई, आधी एक विनंती. कोणीही काहीही पुसू नका. जुनी रेकॉर्डिंग तर अजिबात नाही. त्यातल्या निम्म्या नाटकांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

मी आत्ताच आत जाऊन पाहिलं. डेटाचा व्हॉल्यूम २०० जीबीचा आहे आणि ९९ टक्के भरलाय. नवा व्हॉल्यूम न जोडला जाण्याचं कारण साधं आहे. आपला सर्व्हर एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये ‘ए’ झोनला (डेटा सेंटरच्या एका गटाला) आहे आणि नवा व्हॉल्यूम ‘बी’ झोनला तयार झालाय. रीजन एकच असलं तरी ईबीएसचा (एडब्ल्यूएसच्या डिस्क-सेवेचा) व्हॉल्यूम ज्या झोनमध्ये जन्मतो त्याच झोनमधल्या सर्व्हरला लागतो. त्याला दुसऱ्या झोनमध्ये न्यायचं तर आधी स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घ्यायचा आणि त्यातून तिकडे नवा व्हॉल्यूम उभा करायचा. आपला तर रिकामाच आहे, त्यामुळे तो सरळ काढून टाकू. न जोडलेल्या व्हॉल्यूमचंही भाडं चालूच असतं.

खरं तर आपल्याला दुसऱ्या व्हॉल्यूमची गरजच नाही. आहे तोच वाढवता येतो, तेही सर्व्हर बंद न करता. फक्त एक लक्षात ठेवा: ईबीएसचा व्हॉल्यूम वाढतो, कमी कधीच होत नाही. म्हणून हौसेने २ टीबी करू नका. मी ४०० म्हणतो. दोन-तीन वर्षांची सोय होईल, आणि पुढे लागलं तर पुन्हा वाढवू.

त्याच वेळी प्रकारही बदलून घेऊ. आपण जीपी२ या डिस्कच्या जुन्या प्रकारावर आहोत. तिथे वेग आकारावर ठरतो, जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला वाचायच्या-लिहायच्या क्रिया), म्हणजे २०० जीबीला कायमचे ६००. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीपी३ मध्ये आकार कितीही असो, ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी मिळतात, आणि जीबीमागचा दरही कमी आहे. वर्गणीच्या पैशांचा हिशोब ठेवणाऱ्यांनी हे आवर्जून वाचावं.

क्रम मात्र चुकवायचा नाही. आधी डेटाबेसचा डंप (सगळा मजकूर एका फाइलमध्ये), मग व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट, आणि स्नॅपशॉट पूर्ण झाल्यावरच एडब्ल्यूएसच्या कन्सोलमध्ये (वेबवरच्या पानावर) आकार बदलायचा. इथे बरेच जण फसतात. कन्सोल ४०० दाखवतं, पण सर्व्हरवर ‘डीएफ’ (जागा दाखवणारी कमांड) केलं की तेच २०० दिसतात. पैसे ४०० चे गेले आणि जागा मात्र वाढली नाही, असं वाटतं. कारण ढगातली डिस्क वाढली तरी तिच्यावरचं पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) आणि त्यावरची फाइल सिस्टिम (फाइलींची मांडणी) यांना ते कोणी सांगितलेलं नसतं. ‘ग्रोपार्ट’ने पार्टिशन ताणायचं, मग फाइल सिस्टिम ईएक्सटी४ असेल तर ‘रिसाइझटूएफएस’ आणि एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’. आपली ईएक्सटी४ आहे.

आणि एक शब्द या सगळ्यात कुठेही टाइप व्हायला नको: ‘एमकेएफएस’. कोऱ्या डिस्कवर नवी फाइल सिस्टिम घालायला ती कमांड लागते, आणि भरलेल्या डिस्कवर चालवली की सगळं संपतं. नेटवरचे बरेच लेख नव्या डिस्कसाठी लिहिलेले असतात. त्यातल्या कमांड वरपासून खालपर्यंत चिकटवू नका. आधी डिस्कांची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसबीएलके’ला ‘एफ’ लावून बघायचं. फाइल सिस्टिमच्या रकान्यात नाव दिसलं तर तिथे काहीतरी राहतंय.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला जागेपेक्षा जास्त गंभीर वाटते. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (सर्व्हरभोवतीच्या एडब्ल्यूएसच्या फायरवॉलमध्ये) २२ (दूरून लॉगिन) आणि ३३०६ (डेटाबेस) ही दोन्ही पोर्ट ०.०.०.०/० ला, म्हणजे सगळ्या जगाला उघडी आहेत. हे कधी झालं?

प्रेषक: तांत्रिक समिती

दादा, नमस्कार. दोन्ही मीच उघडली. गेल्या महिन्यात खजिनदार काकूंना घरून सभासदांची यादी काढायची होती. त्यांचा आयपी पत्ता सारखा बदलत होता, म्हणून दोन तासांसाठी सगळ्यांना उघडं केलं आणि नंतर बंद करायचं राहिलं. तुम्ही विचारल्यावर नियम बघितला, त्याला पाच आठवडे झालेत. मला खूप वाईट वाटतंय.

एक विचारू का? सर्व्हरवर यूएफडब्ल्यू (सर्व्हरच्या आतली फायरवॉल) चालू आहे आणि त्यात ३३०६ बंद दिसतं. म्हणजे डेटाबेस तरी सुरक्षित होता ना?

प्रेषक: दादा, कर्वेनगर, पुणे

लपवलं नाहीस, आठवडेसुद्धा मोजून सांगितलेस, यानेच अर्धं काम सोपं झालं. वाईट वाटून घेऊ नकोस, पण आज रात्रीच माझ्याबरोबर बस.

नाही, डेटाबेस सुरक्षित नव्हता. आपला डेटाबेस डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे डब्यांत, चालवणाऱ्या साधनात) चालतो आणि त्याचं पोर्ट बाहेर प्रसिद्ध केलेलं आहे. डॉकर आपले नियम स्वतः आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) लिहितं आणि आलेलं पॅकेट नॅटच्या (पत्ता बदलण्याच्या) टप्प्यावरच कंटेनरकडे वळवतं. यूएफडब्ल्यूचा ‘आत येऊ नका’वाला नियम पुढच्या वळणावर उभा असतो, आणि पॅकेट त्या वळणावर येतच नाही. म्हणून यूएफडब्ल्यू बंद म्हणतं आणि पोर्ट उघडं असतं. यावर उपाय म्हणजे डॉकरच्या कॉम्पोज फाइलमध्ये (कंटेनरची मांडणी सांगणाऱ्या) नुसतं ३३०६ न लिहिता १२७.०.०.१:३३०६ असं बांधायचं. मग ते फक्त सर्व्हरच्या आतूनच दिसेल. वेबसाइटचा कंटेनर डॉकरच्या आतल्या नेटवर्कवरून बोलतो, त्याचं काही अडत नाही.

मी लॉगिनची नोंदवही चाळली. २२ वर पानंच्या पानं भरून प्रयत्न झालेत: रूट, अ‍ॅडमिन, उबुंटू, टेस्ट. पत्ते अनेक, पण पद्धत एकच. हे आपलं मंडळ शोधत आलेले लोक नाहीत. ही यंत्रं आहेत, ती रात्रंदिवस प्रत्येक दार ढकलून बघतात. जानेवारी २०१७ मध्ये २७०१७ या पोर्टवर पासवर्डाशिवाय उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस असेच सापडले. आतला मजकूर पुसला गेला आणि त्याच्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवलेली होती. आपल्या डेटाबेसला पासवर्ड होता आणि एसएसएचला (२२ वरच्या लॉगिनला) पासवर्ड नाही, फक्त किल्लीची फाइल चालते, म्हणून बहुधा वाचलो. पण त्या डेटाबेसमध्ये सभासदांचे घरचे पत्ते आहेत, बालवर्गातल्या मुलांची नावं आणि जन्मतारखा आहेत. तिथे ‘बहुधा’वर मी थांबणार नाही. ‘लास्ट’ची (कोण कधी आत आलं त्याची) नोंद, अधिकृत किल्ल्यांची फाइल आणि डेटाबेसचे वापरकर्ते, तिन्ही आपण दोघांनी मिळून तपासायचं. पासवर्ड बदलायचाच. आणि जे काही सापडेल ते, ताई, तुम्ही सभासदांना कळवायचं. काही सापडलं नाही तरी दार उघडं होतं हे कळवायचं.

आता नियम कसे लिहायचे ते. सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त परवानग्या असतात, मनाई लिहिताच येत नाही. क्रमही नसतो, एकाही ओळीने परवानगी दिली तर माणूस आत येतो. म्हणून खाली तू नेमका घरचा आयपी पत्ता /३२ (फक्त तो एकच पत्ता) लावून लिहिलास आणि वर ०.०.०.०/० राहिलं, तर खालच्या ओळीला अर्थच उरत नाही. आयपीव्ही६ ची (नव्या पद्धतीच्या पत्त्यांची) ओळ वेगळी असते, तीही बघ. आत आलेल्याला उत्तर परत जाण्यासाठी वेगळा नियम लागत नाही, ते तो ग्रुप लक्षात ठेवतो.

नेटवर्क एसीएलचं (नेटवर्कच्या वेशीवरच्या नियमांच्या यादीचं) उलट. तिथे मनाई चालते, नियमांना क्रमांक असतात आणि लहान क्रमांक आधी तपासला जातो. पुण्यात विसर्जनाला कसब्याच्या आधी कोणी नाही, तसा तिथे क्रमाला मान आहे. जो पहिला जुळेल तो निकाल, पुढचे वाचलेच जात नाहीत. आणि ते काहीच लक्षात ठेवत नाही, त्यामुळे उत्तरं बाहेर जायला १०२४ ते ६५५३५ ही पोर्टही मोकळी ठेवावी लागतात. आपल्यासारख्या एका सर्व्हरच्या संसाराला एसीएलला हात न लावलेलाच बरा. (इथे पुण्यात अझूरवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) काम करणारे बरेच मित्र आहेत, त्यांचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे. त्यांच्या एनएसजी या नियमांच्या यादीत दोन्हींचं मिश्रण आहे: १०० ते ४०९६ असे क्रमांक, लहान आधी, आणि तरीही उत्तरं लक्षात ठेवणारं. एका ढगावर शिकलेलं दुसऱ्यावर जसंच्या तसं लावू नका.)

काकूंचा आयपी पत्ता रोज का बदलतो, तेही बघितलं पाहिजे. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात दिसला, तर एक सार्वजनिक पत्ता अनेक घरं वाटून वापरतायत असं समज. तो पत्ता नियमात घातला तर सगळ्या शेजाऱ्यांना दार उघडलं, आणि उद्या पत्ता बदलला की काकू बाहेर. म्हणून घरच्या पत्त्यांमागे धावायचं सोडून देऊ. आपल्यासाठी एडब्ल्यूएसचा सेशन मॅनेजर लावू. त्यात सर्व्हरच आतून ४४३ वरून बाहेर संपर्क साधतो, २२ उघडायची गरजच उरत नाही. आणि काकूंना डेटाबेस नकोच आहे, यादी हवी आहे. वेबसाइटवर खजिनदारांनी लॉगिन केलं की यादी उतरवता येईल असं एक पान कर. दोन संध्याकाळींचं काम आहे.

प्रेषक: काका, सदाशिव पेठ, पुणे

चिरंजीव दोघे,

मला पोर्टमधलं फार कळत नाही, पण दाराचं कळतं. आमच्या वाड्याचा मोठा दरवाजा लग्नकार्यालाच उघडायचा. एरवी दिंडीतून वाकून आत, आणि रात्री दिंडीची कडी कोणी लावली हे आजी नाव घेऊन विचारायची. तुमच्यात ते कोण विचारतं?

आणि या सगळ्याच्या मुख्य खात्याची किल्ली कोणाकडे आहे? मी अध्यक्ष असताना ते खातं माझ्या ईमेलवर काढलं होतं, आणि ओटीपीचं ते अ‍ॅप आमच्या नंतरच्या अध्यक्षांच्या फोनवर. त्यांचा फोन हरवला तर?

जुन्या नाटकांच्या मूळ व्हीएचएस कॅसेट माझ्या कपाटात आहेत. एकोणीस. या पावसाळ्यात चार कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली. त्या यंत्रात घालायचं धाडस केलेलं नाही. सर्व्हरवरची प्रत गेली तर आता इथूनही मिळणार नाही, म्हणून सांगतो.

प्रेषक: दादा, कर्वेनगर, पुणे

काका, तुमचं पत्र वाचून मी जागचा उठलो. बुरशीच्या कॅसेट यंत्रात घालू नका, यंत्राच्या हेडला लागून ती बाकीच्यांनाही लागते. मी रविवारी येतो. त्या चार वेगळ्या, कोरड्या डब्यात ठेवू आणि साफ करून देणारा माणूस शोधू.

झालेलं काम सगळ्यांसाठी लिहितो. शनिवारी तुमच्या तिकडच्या सकाळी ८ ला, आमच्या पुण्याच्या संध्याकाळी साडेपाचला, तरुण मित्र आणि मी एकाच कॉलवर बसलो. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने एंटरच्या आधी मोठ्याने वाचायचं. डंप, स्नॅपशॉट, ४०० जीबी, जीपी३, ग्रोपार्ट, रिसाइझटूएफएस. ‘डीएफ’मध्ये आता जवळजवळ निम्मी जागा रिकामी दिसते. एफएसटॅबमध्ये (सर्व्हर सुरू होताना डिस्क जोडणाऱ्या फाइलमध्ये) डिस्क उपकरणाच्या नावाने जोडलेली होती. ते नाव रीबूटनंतर बदलू शकतं, म्हणून यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) घातला आणि ‘नोफेल’ लावलं. उद्या डिस्क सापडली नाही तरी सर्व्हर निदान उठेल आणि आत जाऊन बघता येईल.

२२ आणि ३३०६ दोन्ही बंद केली. बंद करताना लॉगिनची आधीची खिडकी चालूच राहिली. सिक्युरिटी ग्रुपमधला नियम काढला तरी जुळलेलं कनेक्शन दर वेळी लगेच तुटतंच असं नाही. त्यामुळे ‘अजून चालतंय’ यावर भरवसा न ठेवता दुसऱ्या खिडकीतून सेशन मॅनेजरने नव्याने आत जाऊन पाहिलं, आणि तिसऱ्या मित्राला त्याच्या घरून २२ ठोठावायला सांगितलं. उत्तर आलं नाही. बाहेरच्यांसाठी आता ८० आणि ४४३ ही वेबसाइटची पोर्ट एवढीच उघडी आहेत.

नोंदवही, किल्ल्या, डेटाबेसचे वापरकर्ते, तिन्हींमध्ये परकं काही सापडलं नाही. तसं पत्र सचिवताई सभासदांना पाठवतील, पाच आठवड्यांच्या उल्लेखासह.

स्नॅपशॉट आता रोज पहाटे आपोआप होईल, शेवटचे सात राहतील, आणि आठवड्यातून एक प्रत हैदराबाद रीजनला जाईल. पहिला पूर्ण, पुढचे फक्त बदललेल्या भागाचे, म्हणून खर्च वाटतो तितका नाही. हैदराबादच्या प्रतीतून एक व्हॉल्यूम उभा करून त्यातलं एक नाटक पहिल्या घंटेपासून पडद्यापर्यंत चालवून पाहिलं. प्रत आहे हे मला त्यानंतरच पटलं.

मुख्य खात्याचं: दोन वेगळ्या लोकांच्या दोन वेगळ्या साधनांवर एमएफए (पासवर्डाखेरीज दुसरी खूण, जसा ओटीपी) नोंदवायचा. एका खात्याला आठ साधनं चालतात. ईमेल मंडळाच्या पदाचा, व्यक्तीचा नाही. काका, यासाठी तुमच्या जुन्या ईमेलवर एक कोड येईल. तो या मेलिंग यादीवर लिहू नका, मला फोन करून सांगा.

आणि कडी कोणी लावली हे विचारायचं काम आपल्या तरुण मित्राने मागून घेतलंय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो उघड्या नियमांची यादी इथे पाठवेल. प्रत्येक ओळीपुढे कोणी उघडली, कशासाठी आणि कधी बंद होणार, ते लिहिलेलं असेल. पहिली यादी त्याने आजच पाठवली आहे. दोन ओळी आहेत.

प्रेषक: काका, सदाशिव पेठ, पुणे

कोड आला की फोन करतो. रविवारी जेवायलाच ये. पंधरा कॅसेट टेबलावर काढून ठेवल्यात, वर्षांच्या क्रमाने. दोनांवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे.