मुलांच्या मोबाईलला वेसण घालतानाचे अनुभव लिहा

टिवल्याबावल्या
काल बहिणीच्या लेकाला टॅबवरून उठवायचा कार्यक्रम बघितला. कार्यक्रमच म्हणायचा, आधी बहीण, मग भावजी, मग आजी अशा एकेक एंट्र्या होत गेल्या आणि शेवटी टॅब कपाटावर न् पोरगं फरशीवर आडवं. मला आमचे बाबा आठवले. परीक्षा आली की केबलची वायर काढून ऑफिसच्या बॅगेत घालून न्यायचे, आणि वायर असेल त्या दिवशी घरात शिरल्या शिरल्या टीव्हीच्या डोक्यावर हात ठेवून बघायचे गरम आहे का. आम्ही वर ओलं फडकं ठेवायचो! आता वायरच नाही तर काढणार काय? तुम्ही काय करता सांगा.

खडूस मावशी
ओलं फडकं 😂😂 अगं फोन पण गरम होतो की. मी तेच बघते. लेक आता मी यायच्या आधी फोन फॅनखाली फरशीवर ठेवते.

उंटावरचा शहाणा
आम्ही रीतसर पालकांसाठीचं अ‍ॅप टाकलं, दिवसाला तासभर, मग आपोआप लॉक. चिरंजीवांनी फोनची तारीखच बदलली, म्हणजे नवा दिवस नवा तास. ते बंद केलं तर पिन ओळखला, का तर मी पिन टाकून फोन दिला की काचेवर बोटांचे तेलकट ठसे राहतात, तिरका धरला की चार आकडे दिसतात, उरलं फक्त क्रम लावायचं. मग राऊटरवरून त्याचा फोन ब्लॉक केला, तरी नेट चालूच. नंतर कळलं की हल्ली फोन वायफायला खरा मॅक अ‍ॅड्रेस (म्हणजे फोनचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) न देता बनावट देतात, तो बदलला की राऊटरला वाटतं हा कोणी नवाच पाहुणा. एवढं डोकं अभ्यासात लावलं असतं तर वगैरे वगैरे.

झोपाळू
त्याला आत्ताच नोकरी द्या कोणीतरी.
आमचं दीड वर्षाचं आहे, घास भरवताना व्हिडिओ लागतोच. डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं पत्रक दाखवलं, एक वर्षाच्या बाळाला स्क्रीन नकोच आणि २ ते ४ वर्षांना जास्तीत जास्त एक तास, तोही कमी तितका बरा. मी मान डोलावली. घरी सासूबाई म्हणाल्या मग जेवणार कसं ते पण पत्रकात लिहिलंय का. आता मी भरवते तेव्हा फोन नाही, त्या भरवतात तेव्हा आहे, आणि कारटं त्यांच्याच हातून जेवतं.

खडूस मावशी
झोपाळू, सासूबाईंशी वाद नको घालूस, नवऱ्याला भरवायला बसव. बाबा लोकांना फोन लावून द्यायचं सुचत नाही, ते स्वतःच बघत बसतात 😜

मधलीसुट्टी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. मोठ्या मुलाचा ऑनलाइन गेम होता. मी "पाच मिनिटांत बंद" म्हणायचे न् रोज आकांडतांडव. मग एकदा शेजारी बसून बघितलं तर मॅच मध्येच थांबवता येत नाही, उठला की टीम हरते, याची रँक जाते, वर ती पोरं शिव्या घालतात. मग मिनिटं मोजणंच सोडलं. "ही शेवटची" एवढंच, पण ते मॅच सुरू व्हायच्या आधी सांगायचं. धाकटीला तेच, एक एपिसोड, आणि ऑटोप्ले बंद. पुढचं आपोआप लागलं नाही की निम्मं भांडण मिटतं. कुरकुर आहेच, फोन हिसकावणं थांबलं.

निवडुंग
लेक नववीत. शाळेचा गृहपाठ रात्री नऊनंतर ग्रुपवर येतो. फोन काढून घेतला की "अभ्यास आलाय", दिला की अभ्यास सोडून सगळं. यावर उपाय असेल तर सांगा, मी थकले.

झोपाळू
तुझ्या फोनवर घे तो ग्रुप. पानं लिहून काढू दे.

निवडुंग
म्हणजे माझा फोन तिच्याकडे!

सहज आलो
ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना सोशल मीडियावर खातंच ठेवता येत नाही. चीनने २०२१ ला नियम केला, मुलांना ऑनलाइन गेम फक्त शुक्र-शनि-रवि आणि सुट्टीला, रात्री ८ ते ९.

उंटावरचा शहाणा
आणि तिथल्या समस्त आजोबांची गेममधली लेव्हल वाढली असणार.

मधलीसुट्टी
आम्ही रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावतो. सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे. मुलं लगेच तयार झाली, नवरा अजून "गजर लावायचाय" म्हणून उचलून नेतो. गजराचं घड्याळ आणलं तर त्याची टिकटिक होते म्हणे.

टिवल्याबावल्या
शहाणे, ते मॅकचं काय केलंत पुढे? बहिणीला सांगते.

उंटावरचा शहाणा
त्याच्या फोनमध्ये वायफायच्या नावाशेजारी गिअरचं चिन्ह असतं, त्यात प्रायव्हसीमध्ये जाऊन "फोनचा मॅक" निवडा. नवीन आलेलं डिव्हाईस विचारल्याशिवाय घ्यायचं नाही असं राऊटरला पण सांगून ठेवा, सोय असेल तर.

खडूस मावशी
सापडलं, थँक्यू. घरातल्या सगळ्याच फोनना करून टाकते, त्यात हे पण अडकतील, अडकू देत.