लहानग्यांची थंडी: स्वेटर, जॅकेट, कानटोपी, कुंची. तुमचे अनुभव लिहा

दिवाळी सरते, आणि एका सकाळी फरशीवर पाय ठेवला की कळतं, पुण्यात थंडी आली. माझा मुलगा आता बावीस महिन्यांचा आहे. गेल्या वर्षी त्याचा पहिलाच हिवाळा. मी धास्तावले आणि दुकानातलं सगळ्यात जाड, फुगीर, आतून फर असलेलं जॅकेट घेऊन आले. सकाळी आठला पाळणाघरात सोडताना ते अगदी योग्य वाटायचं. एकदा काही कामामुळे साडेअकरालाच त्याला आणायला गेले. उचलून घेताना माझा हात त्याच्या मानेमागे गेला, तर मान चिंब. आतलं बनियन पिळावं इतकं भिजलेलं, गाल लालबुंद आणि बोटं मात्र गार. रोज त्या गार बोटांकडे बघूनच मी आणखी एक कपडा चढवत होते.

आमच्या डॉक्टरांनी तेव्हा नीट समजावलं. लहान मुलांचे हातपाय एरवीही गार लागतात, त्यावरून काही ठरवू नका. मानेमागे किंवा पाठीवर दोन बोटं घालून बघा. कोमट आणि कोरडं लागलं तर पुरे. घाम लागला तर एक कपडा उतरवा. आपल्याला स्वतःला जेवढे कपडे लागतात त्याहून एकच थर जास्त, एवढं धरून चाला.

पुण्याची थंडी पहाटेची आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १०-११ अंश, एखाद्या लाटेत ८ च्याही खाली, आणि त्याच दिवशी दुपारी २८-३०. एकाच कपड्याने हा दिवस निभत नाही. म्हणून या वर्षी मी जाड जॅकेटच्या वाटेला जाणार नाही, पातळ थर घेणार. पण नेमकं काय आणि किती, हे तुमच्याकडून ऐकायचंय. मूल केवढं आहे, दुचाकीवर नेता की गाडीतून, काय चाललं आणि काय तसंच कपाटात पडलं, सगळं सविस्तर लिहा.

पाषाण, अडीच वर्षांच्या मुलीचे बाबा

आधी एक सांगतो, तुम्ही पुण्यात कुठे राहता यावर बरंच अवलंबून आहे. पेपरात येणारा आकडा बहुतेक वेळा शिवाजीनगरचा असतो. आमच्या पाषाणचा आणि एनडीएचा (खडकवासल्याची लष्करी प्रबोधिनी) पारा कित्येकदा त्याच्याही खाली असतो, तर हडपसरच्या मगरपट्ट्याचा पाच-पाच अंश वर. हडपसरच्या मावशीने सुचवलेला कपडा आमच्याकडे पुरला नाही, तो यामुळेच.

आम्ही दुचाकीवाले. सकाळी पावणेआठला निघतो. स्वेटर कितीही जाड असो, गाडी चालू झाली की वारा त्याच्या विणीतून थेट आत शिरतो. हे कळायला मला पंधरा दिवस लागले. रोज पोहोचल्यावर तिचं पोट गार लागायचं. मग स्वेटरवरून एक पातळ विंडचीटर घातलं, पावसाळी जॅकेटच्या कापडाचं, अस्तरसुद्धा नसलेलं. त्या दिवसापासून पोट गरम. लोकर ऊब धरते, वारा अडवत नाही. वारा अडवायला घट्ट विणलेलं कापडच वरून लागतं.

दुसरी गोष्ट हेल्मेटची. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांना दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा (हार्नेस) हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मी हे दोन्ही वापरतो, आणि दोन्हींमुळे कपड्यांचा हिशोब बदलतो. हूडवर हेल्मेट नीट बसत नाही, लोकरीच्या जाड टोपीवरही हलतं. आम्ही होजिअरीची पातळ कानटोपी घालतो, वरून हेल्मेट. फुगीर जॅकेटवरून पट्टा बांधला की वाटतं घट्ट आहे, पण दाबल्यावर जॅकेट चपटं होतं आणि पट्टा ढिला पडतो. म्हणून पट्ट्याच्या आत पातळ कपडेच.

मफलर मात्र दुचाकीवर अजिबात नको. टोक सुटलं आणि चाकात गेलं तर काय होईल, याचा विचारही करवत नाही. बंद गोल नेकवॉर्मर मिळतो, तो डोक्यातून घालायचा. आम्ही दोन ठेवलेत, कारण लाळेने एक रोज ओला होतो.

सदाशिव पेठ, तीन नातवंडांची आजी

मी विणते. मुलांचे विणले, आता नातवंडांचे विणते, म्हणून हक्काने लिहिते आहे.

दोन वर्षांच्या मुलाच्या स्वेटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम लोकर लागते. फोर प्लाय (चार पदरी, बारीक) घ्या, पातळ होते. बॉर्डर बारा नंबरच्या सुयांवर आणि अंग दहा नंबरवर. मी गळ्यापासून खाली विणत येते, बाह्या रॅगलन पद्धतीच्या, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या जोडणीच्या. यात एक सोय आहे. पुढच्या वर्षी मूल उंच झालं की खालची बॉर्डर उसवायची, टाके पुन्हा सुईवर घ्यायचे आणि चार बोटं वाढवायचं. बाहीचंही तसंच. माझ्या मधल्या नातीने एकच स्वेटर तीन हिवाळे घातला. तिसऱ्या वर्षी नवी लोकर जुनीशी जुळेना, तेव्हा लाल पट्टा घालून वाढवला. तिला तोच पट्टा सगळ्यात जास्त आवडायचा.

स्वेटर पुढून उघडणारा हवा. डोक्यातून घालायचा असला की मुलं रडतात आणि तापलेल्या दुपारी तो पटकन निघतही नाही. बटणं माझ्याकडे पक्क्या दोऱ्याने चार-चार वेळा शिवलेली असतात, तरी दर आठवड्याला ओढून बघते. सुटलेलं बटण मुलाच्या तोंडातच जातं.

लोकर थेट अंगाला लावू नका. आत पूर्ण बाह्यांचं सुती झबलं किंवा बनियन हवंच. धाकट्या नातवाच्या गळ्याला लोकरीचं पुरळ यायचं, तर गळ्याच्या पट्टीला आतून जुन्या मलमलच्या साडीची किनार शिवली. पुन्हा पुरळ आलं नाही.

आणि कुंची. आता ती बारशाच्या फोटोपुरती उरली आहे, खणाची, जर लावलेली. आमच्या वेळी रोजच्या वापरायला वेगळी सुती कुंची असायची, आतून फ्लॅनेल लावलेली. डोकं, कान, मान, पाठ, सगळं एका कापडात. बाहीत हात घालायची झटापट नाही, झोपलेल्या बाळावरून अलगद काढता येते. फक्त झोपवताना काढून ठेवायची. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर झोपेत टोपी, कुंची काही ठेवायचं नाही, जास्तीची ऊब बरीचशी डोक्यातून बाहेर पडते.

बाणेर, सव्वा दोन वर्षांचा मुलगा

आजी, कुंचीचं वाचून मला राहवलं नाही. आम्ही चार वर्षं जर्मनीत होतो. मुलगा तिकडचाच. तिथे गाडीत मुलाला सीटवर बसवायच्या आधी जाड जॅकेट काढतात. कारण वर पाषाणच्या दादांनी पट्ट्याबद्दल लिहिलंय तेच. धडक बसली तर जॅकेटमधली हवा क्षणात दबते आणि पट्टा व अंग यांच्यात मोकळी जागा राहते. बघायची पद्धत सोपी आहे. पट्टा लावून झाल्यावर खांद्याजवळ चिमटीत पकडून बघा. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर तो सैल आहे.

मग गाडीत थंडी वाजली तर? तिथे मुलांना पोंचो घालतात. पट्टा आतून, थेट पातळ कपड्यांवर, आणि पोंचो वरून पसरलेला, मागचा भाग सीटच्या पाठीवरून टाकलेला. मी तिथे महागाचा घेतला होता. इथे आल्यावर माझ्या आईने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, ही तर कुंची आहे, पुढून शिवलेली. तिने जुन्या फ्लीसच्या शालीची दुसरी शिवली. पुण्यात तीच जास्त वापरतो, धुवायला सोपी आहे.

तिकडून आणलेला स्नोसूट मात्र इथे एकदाही लागला नाही. कोणी लहान मुलाला घेऊन मनालीला निघालं असेल तर खुशाल घेऊन जा, ८६ ते ९२ सेंटिमीटर उंचीचा आहे.

हडपसर

तुळशीबागेत आणि फॅशन स्ट्रीटला खरेदी करणाऱ्यांना एकच सांगते. हूडला ओढायची नाडी असेल तर घरी आल्याबरोबर काढून टाका. घसरगुंडीच्या फटीत नाडी अडकली आणि माझी मुलगी मानेने ओढली गेली. मी दोन हातांवर होते म्हणून निभावलं. युरोपात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना हूड आणि गळ्यापाशी नाडी लावायलाच मनाई आहे, हे मला नंतर कळलं. इलॅस्टिकचा किंवा बटणाचा हूड घ्या.

कोथरूड, पाळणाघर चालवते

वीस वर्षं मुलं सांभाळते. आईवडिलांना दोष देत नाही, काळजी कळते. पण माझ्याकडे जानेवारीत मुलं येतात ती बनियन, टीशर्ट, स्वेटर, जॅकेट, कानटोपी, दोन मोजे अशी. नऊ वाजेपर्यंत ठीक. दहाच्या पुढे मुलं धावायला लागतात आणि सुती टीशर्ट घामाने भिजतो. तो अंगावर तसाच राहिला की बारानंतर सावलीत बसल्यावर हुडहुडी भरते. म्हणून आमच्याकडे दहा वाजता सगळ्यांचा एक थर उतरतो आणि साडेअकराला पाठी तपासतो. ही चर्चा सुरू करणाऱ्या ताईंचा प्रसंग वाचून वाईट वाटलं. हे काम सांभाळणाऱ्यांनी करायलाच हवं, आणि तुम्ही सोडतानाच तसं सांगून ठेवा.

तुम्ही काय कराल तर पिशवीत एक कोरडं बनियन रोज द्या. जॅकेटच्या आतल्या पट्टीवर नाव लिहा, कारण निळी जॅकेटं नऊ असतात. चेनला मोठी दोरीची किंवा रबराची कडी लावा, म्हणजे मूल स्वतः ओढू शकतं. चेनच्या वरच्या टोकाला कापडाची घडी आहे ना बघा, नसली तर हनुवटीची कातडी चेनमध्ये येते. हे मी माझ्या हातून होताना पाहिलंय. त्या मुलाने पुढे महिनाभर जॅकेट घालू दिलं नाही.

माप एक नंबर मोठं घ्या, दोन नको. बाही दुमडून चालते. पण जॅकेटचा खांदा दंडावर उतरला तर मुलाला हात वर करता येत नाही आणि पडताना हात टेकता येत नाहीत.

सिंहगड रस्ता, दीड वर्षाची मुलगी

जुने कपडे घेणाऱ्यांसाठी. नणंदेकडून स्वेटरांची पेटी आली, सगळ्याला डांबर गोळ्यांचा वास. मी नुसती उन्हात टाकून घालणार होते. आमच्या डॉक्टरांनी थांबवलं. नॅफ्थलीनच्या गोळ्या लहान बाळांना चांगल्या नाहीत, आणि ज्या मुलांना जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असते त्यांच्या लाल पेशी त्याने फुटू शकतात. म्हणून आधी धुवायचं, मग दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं, वास पूर्ण गेल्याशिवाय अंगाला लावायचं नाही. आता मी स्वेटर ठेवताना वाळलेला कडुनिंब घालते, मलमलच्या पुरचुंडीत.

सदाशिव पेठ, आजी पुन्हा

एक राहिलं. संक्रांतीला बोरन्हाणासाठी काळा स्वेटर विणायला सांगतात. विणू नका, किंवा विणलात तर हलव्याचे दागिने त्यावर घालू नका. हलव्याचा काटा लोकरीत अडकतो आणि दागिना काढताना वीण ओढली जाते. काळं सुती झबलं घाला. बोरन्हाण संध्याकाळी असलं तरी घरात माणसं असतात, मूल गारठत नाही.

बावधन, ही चर्चा सुरू करणारी

सगळ्यांचं वाचून काल लक्ष्मी रस्त्यावर जाऊन आले. पूर्ण बाह्यांची तीन सुती बनियन, पुढून चेनचं पातळ फ्लीस आणि बिनअस्तराचं विंडचीटर. फ्लीस घेताना हूडची नाडी दुकानातच काढून घेतली. चेनला आजोबांच्या जपमाळेतला जुना लाल गोंडा बांधलाय, आधी जोराने ओढून पाहिला, मग बांधला.

आज सकाळी आठला ११ अंश होते. तिन्ही थर घालून सोडलं. साडेअकराला पाळणाघरातून फोटो आला, त्यात तो फक्त बनियनवर अंगणात उन्हात उभा आहे, आणि फ्लीस खाली पडलंय. ताईंनी लिहिलंय, चेन त्यानेच उघडली. पाठ कोरडी.