मदत हवी आहे: आत्याचं चावीचं घड्याळ कोणाच्या हाती द्यावं?

नमस्कार मंडळी. थोडं मागचं सांगते, नाहीतर "नवीन घ्या की" असं उत्तर येईल.

आत्या नर्स होती. तिचं लेडीज घड्याळ, १७ ज्वेलचं (म्हणजे आत झीज कमी करणारे १७ खडे), डायल जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी. सेकंद काटा केसासारखा बारीक, टोकाला लाल. लहानपणी ताप आला की ती माझी नाडी धरायची आणि त्या काट्याकडे बघत राहायची. पंधरा सेकंद. मग मनात चारने गुणून आकडा सांगायची. तेवढा वेळ मी तोंड उघडायचं नाही, असा नियम.

ती गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आलं. चावी दिली की दहा मिनिटं चालायचं आणि थांबायचं. मी घाई केली, एका दुकानात देऊन आले. चौथ्या दिवशी "झालं बघा चालू" म्हणून हातात मिळालं. घरी येऊन बघते तर लाल टोक गायब! काटाच दुसरा, मिनिटांच्या खुणा ओलांडून बाहेर जाणारा. परत गेले तर म्हणे, "जुना गंजला होता, टाकून दिला. वेळ दाखवतंय ना?" वेळही धड दाखवत नाही, दिवसाला वीस मिनिटं मागे पडतं. भांडले नाही, भांडून काटा येणार नव्हता. चूक माझीही आहे. पावतीवर "लेडीज घड्याळ, बंद" एवढंच, आणि आधी फोटोही काढला नव्हता.

त्यानंतर दोघांना दाखवलं. पहिल्यांनी न उघडताच खर्च सांगितला, वर "डायल रंगवतो, केसला पॉलिश मारतो, ओळखूच येणार नाही." अहो, मला ओळखू यायला हवंय! दुसरे काका वयस्कर आहेत. त्यांनी भिंग डोळ्याला लावून मागचं झाकण उघडलं आणि झाकणाची आतली बाजू माझ्यापुढे धरली. सुईने कोरल्यासारखे बारीक आकडे, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांतले. सर्व्हिसिंग करणारे अशी आपली खूण करून ठेवायचे म्हणे. मशीनमधल्या एका स्क्रूची खाच मात्र चेपलेली होती आणि ओरखडा अजून चकचकीत. त्यावर काका नुसतं "हं" म्हणाले. बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे फिरणाऱ्या चाकाचा, स्टाफ (आस) वाकला असावा, पण पूर्ण खोलल्याशिवाय नक्की सांगणार नाही, आणि दोन-तीन महिने लागतील, असं त्यांचं म्हणणं.

काका मला आवडले. पण एकदा पोळलेय. त्यांच्याकडे टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळ तपासणारं यंत्र, नाही, घड्याळ कानाला लावून ऐकतात. एवढ्यावरून नको म्हणावं का? इतक्या बारीक मशीनचा हात आहे की नाही, हे देण्याआधी कसं कळणार? आणि त्या लाल काट्याचा नाद सोडू का?

प्रतिसाद

ताई, आधी त्याला चावी देणं बंद करा. तेल सुकलेलं असलं तर चालण्यानेच पिव्हट (चाकांच्या आसांची टोकं) झिजतात.

टाइमग्राफर नाही म्हणून माणूस बाद होत नाही. जुनी बहुतेक चावीची घड्याळं तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. ते ऐकून टाइमग्राफर दिवसाचा फरक सांगतं आणि बॅलन्स किती अंश फिरतो तेही. पूर्ण चावीवर, डायल वर करून ठेवल्यावर हा आकडा २७० अंशांच्या आसपास आला तर तब्येत उत्तम. लेडीज मशीनला थोडा कमी चालतो, पण २००च्या खाली म्हणजे आत काहीतरी अडतंय. अनुभवी माणसाला नजरेने अंदाज येतो, आकडा येत नाही. काम झाल्यावर दुसरीकडे रीडिंग घेतलं तर चालेल का, हे काकांनाच विचारा. कसे उत्तर देतात ते बघा.

आणखी एक विचारा: "जुनं तेल कसं काढता?" सगळे पार्ट सुटे करून धुतो आणि जागेप्रमाणे वेगळं तेल घालतो, असं म्हणाले तर बसा. वरून थेंब सोडतो म्हणाले तर उठा.

काट्याचा नाद सोडू नका. मशीनच्या प्लेटवर, बहुधा बॅलन्सच्या जवळ किंवा खाली, कॅलिबर नंबर, म्हणजे मशीनच्या मॉडेलचा नंबर, कोरलेला असतो. त्यावरून काट्याच्या भोकाचं माप शोधता येतं. एकच मशीन अनेक कंपन्या वापरायच्या, त्यामुळे दुसऱ्या नावाच्या बंद घड्याळातला काटाही बसू शकतो. लाल टोक रंगवता येतं, लांबी बरोबर हवी. आकड्यांवर अंधारात चमकणारा जुना लेप असेल तर तो कोणालाही खरवडू देऊ नका. १९६०च्या दशकापर्यंत त्यात रेडियम हे किरणोत्सर्गी द्रव्य असायचं.

धागाकर्ती

विचारून आले. तेलाच्या प्रश्नावर काकांनी उत्तर न देता ड्रॉवर उघडला आणि खोललेलं एक मशीन दाखवलं, प्रत्येक स्क्रू वेगळ्या खाचेत. रीडिंगला "जरूर घ्या, मलाही सांगा." बदललेला प्रत्येक पार्ट डबीत घालून परत देणार, तसं पावतीवर लिहूनही दिलं. नंबर बॅलन्स काढल्यावर कळवतील.

आत्याचा ड्यूटीवरचा एक फोटो सापडलाय. मनगट कॅमेऱ्याकडे आहे आणि काटा मिनिटांच्या खुणांच्या आतच संपतो. फोटो मोठा करून काकांना दिलाय.