पाठीतलं इंजेक्शन आणि डोकेदुखी

वर दोघीतिघींनी लिहिलंय की सिझरला पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं आणि तेव्हापासून कंबर कायमची धरली. मला नाही पटत. माझी कंबर सातव्या महिन्यापासूनच दुखत होती, नंतर बाळाला वाकून पाजताना दुखली. इंजेक्शन बिचारं फुकट बदनाम. सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधल्या फटीत जाते, मज्जारज्जू त्याच्या वरच, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपलेला असतो. टोचल्या जागी दोनचार दिवस ठणकतं, तेवढंच.

मला त्रास झाला तो डोक्याचा, त्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी उठून बसले की मानेपासून कपाळापर्यंत डोकं फुटायचं, आडवी झाले की दोन मिनिटांत गायब. सासूबाई म्हणाल्या, वारं लागलं, कान बांध. भूलतज्ज्ञ म्हणाले, सुईच्या भोकातून मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपतंय. पेन्सिलीसारख्या टोकाची बारीक सुई (२५ किंवा २७ नंबर) वापरली तर हे पुष्कळ कमी होतं म्हणे. माझं गोळ्या आणि कॉफीवर चौथ्या दिवशी थांबलं. नाहीच थांबलं तर आपल्याच हातातलं रक्त काढून पाठीत तिथेच सोडतात, गुठळीने भोक बुजतं.