कॅथिस्मा चर्चची ओळख कशावरून पटवतात?

जोतं: जेरुसलेम-बेथलेहेम रस्त्यालगत १९९२ साली रुंदीकरणात अष्टकोनी चर्चचे अवशेष लागले. येशूची आई मेरी गरोदरपणी विसाव्याला जिथे टेकली, त्या खडकावरचं 'कॅथिस्मा' (ग्रीकमध्ये 'आसन') ते हेच, असं मानतात. पण त्याआधी शेजारच्या रामत राहेलच्या चर्चलाही कॅथिस्मा ठरवलं होतं ना? मग पारडं इकडे कशामुळे झुकलं?

मोजपट्टी: आधी अंतर बघा. थिओडोसियस या ख्रिस्ती लेखकाच्या साधारण ५३० सालच्या यात्रावर्णनात ही जागा जेरुसलेमपासून तिसऱ्या मैलावर आहे. रोमन मैल सुमारे १४८० मीटरचा, म्हणजे जेमतेम साडेचार किलोमीटर. आजचा मैल धरलात तर जवळजवळ ४०० मीटर पुढे जाल, आणि इथे तेवढ्यात जागाच बदलते. मोजायचं तेही जुन्या रस्त्याच्या वळणांनी, नकाशावर पट्टी ठेवून नाही. तरी अंतराने फक्त शोधाचा पट्टा आखून मिळतो. रामत राहेलही त्याच पट्ट्यात येतं.

खापरखुणा: फरक आराखड्यात आहे. रामत राहेलचं चर्च बॅसिलिका, लांबट दालनाचं. इथे एकात एक तीन अष्टकोन, आणि ऐन मध्यभागी नैसर्गिक खडक तसाच उघडा ठेवलेला. सगळी बांधणीच त्याच्याभोवती फिरते. थिओडोसियसही खडकाबद्दलच बोलतो: उर्बिकियस नावाच्या अधिकाऱ्याने वेदीसाठी तो कापवला म्हणे.

काळ ठरवताना मात्र जपून. स्किथोपोलिसचा सिरिल या सहाव्या शतकातल्या संतचरित्रकारानुसार हे चर्च इकेलिया नावाच्या श्रीमंत विधवेने बांधलं, म्हणजे पाचव्या शतकाच्या मध्यावर. ते पडताळायला मोझेकच्या (रंगीत तुकड्यांच्या फरशीच्या) चुन्याखाली अडकलेली नाणी-खापरं हवीत. वर पडलेली बांधकामाचा काळ ठरवायला कुचकामाची. खालचं नाणंही फक्त 'याच्या आधी नाही' एवढंच सांगतं. शिवाय इथली फरशी नंतर बदलली आहे. खजुराच्या झाडांचं मोझेक आठव्या शतकातलं, त्याच टप्प्यात दक्षिणेला मिहराबही, म्हणजे मुस्लिमांचा प्रार्थनेची दिशा दाखवणारा कोनाडाही, आला. त्यावरून इमारतीचं वय काढाल तर तीनशे वर्षांनी चुकाल.

जोतं: म्हणजे अष्टकोन दिसला की काम झालं?

खापरखुणा: छे! कफर्नहूमला येशूचा शिष्य पेत्र याच्या घरावर अष्टकोन आहे, गरिझीम डोंगरावर बायझंटाइन बादशहा झेनोचाही, ४८४ सालचा. अष्टकोनावरून एवढंच कळतं की मधल्या कशाचं तरी स्मरण आहे. कशाचं, ते ग्रंथ आणि मैल सांगतात.